हे नाटकात कोण म्हणतं?

“स्वतःची गाणी का नाही केलीस?” गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला वाण्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी विचारला. डॉक्टरांनी तर तोंडात कापूस कोंबल्यावर विचारला. प्रश्न रास्त होता. वय एक्केचाळीस, पहिलाच अल्बम, घरचे पैसे, आणि त्यात सगळी गाणी जुनी, तिकडची, ऐंशी ते शंभर वर्षांपूर्वीची. जॅझ गाणाऱ्या प्रत्येक बाईने ती एकदा तरी गायलेली असतात. त्यांना ‘स्टँडर्ड्‌स’ म्हणतात. अनोळखी चौघेजण स्टेजवर चढतात, कुणीतरी गाण्याचं नाव आणि पट्टी सांगतं आणि वाजवायला सुरुवात होते, ती या गाण्यांच्या जोरावर.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मिळालं सदाशिव पेठेत, आत्याच्या घरी.

आत्या एकोणऐंशीची आहे. बँकेतली नोकरी सांभाळून तिने पंधरा-वीस वर्षं हौशी संगीत नाटकांत कामं केली. माझं गाणं तिच्याच पेटीवर सुरू झालं. गांधर्व मंडळाच्या परीक्षा देत मी मध्यमा पूर्णपर्यंत पोचले, मग रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन शिकले, भाषांतराची नोकरी लागली आणि त्या नोकरीने सात महिन्यांसाठी कोलोनला पाठवलं. तिथल्या एका तळघरातल्या क्लबात जॅझ ऐकलं. पुढचं सांगत बसत नाही, प्रत्येक जॅझवाल्याची एक तळघराची गोष्ट असते आणि सगळ्या सारख्याच असतात. परत आल्यावर शनिवारी संध्याकाळी कोरेगाव पार्कातल्या रेस्टॉरंटांमध्ये, काट्या-चमच्यांच्या साथीवर गायला लागले.

अल्बम करायचं नक्की झालं तेव्हा गाण्यांची यादी आत्याला वाचून दाखवली. तिला जवळचं वाटावं म्हणून म्हटलं, “ही तिकडच्या संगीत नाटकांतली पदं आहेत, आत्या.” तिने चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि तिसऱ्या नावावर बोट ठेवलं.

“हे नाटकात कोण म्हणतं? आणि कुणाला?”

‘माय फनी व्हॅलेंटाइन’. सात वर्षं गात होते. मला सांगता येईना.

घरी येऊन शोधलं. १९३७ सालचं ‘बेब्ज इन आर्म्स’ नावाचं नाटक, संगीत रिचर्ड रॉजर्स, शब्द लॉरेन्झ हार्ट. व्हॅलेंटाइन हे त्यातल्या पोराचं नाव! बिली नावाची मुलगी हे गाणं त्याला उद्देशून म्हणते. त्याच्या रूपात खोड काढते, बोलण्यात खोड काढते आणि वर सांगते, पण बदलू नकोस हं. मी ते सात वर्षं फेब्रुवारीतल्या त्या दिवसाचं गाणं समजून गात होते, डोळे मिटून, दर दुसऱ्या ओळीला उसासा टाकत.

दुसऱ्या दिवशी आत्याला हे सांगितलं. ती म्हणाली, “मग डोळे कशाला मिटतेस? समोर माणूस उभा आहे ना.”

त्या एका वाक्यावर मी पुढचे आठ महिने काढले. यादीतल्या प्रत्येक गाण्याचं कूळ शोधायला लागले आणि गंमत दिसत गेली. ‘ऑल द थिंग्ज यू आर’ हे जेरोम कर्नचं गाणं जॅझवाल्यांचं दैवत. ते ज्या नाटकातलं आहे ते १९३९ साली आलं आणि ५९ प्रयोगांत आटोपलं. ‘ब्ल्यू स्काइज’ १९२६ च्या ‘बेट्सी’मधलं. त्या नाटकाची बाकीची गाणी रॉजर्स आणि हार्टची, हे एकच आयत्या वेळी अर्व्हिंग बर्लिनकडून आणून घुसवलेलं. पहिल्या प्रयोगाला बेल बेकर या गायिकेला या गाण्यासाठी चोवीस वन्समोअर मिळाले, शेवटी ती शब्दच विसरली आणि प्रेक्षकांत बसलेल्या बर्लिनने उठून गाणं पुरं केलं, असं सांगतात. ‘बेट्सी’सुद्धा पुढे ३९ प्रयोगांतच बंद पडलं.

“नाटक पडलं, पद राहिलं,” आत्या म्हणाली. “आमच्याकडेही तेच आहे की.” ‘मानापमान’ १९११ चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते नाटक अख्खं पाहिलेली किती माणसं आज सापडतील? पदं मात्र मैफलीत येतात, भैरवीच्या आधी फर्माईश होते, आणि गाणारा प्रत्येकजण ती आपल्या गळ्याने नव्याने बांधतो. त्याला कुणी विचारत नाही की बाबा, स्वतःचं पद का नाही केलंस.

दातांच्या डॉक्टरांना आता उत्तर देता आलं असतं, पण अपॉइंटमेंट संपली होती.

आणखी एक गोष्ट सापडली. यातल्या बऱ्याच गाण्यांना सुरुवातीला एक छोटा भाग असतो, ताल सैल, जवळजवळ बोलल्यासारखा. त्याला ‘व्हर्स’ म्हणतात. बोलता बोलता पात्र गाण्यात शिरावं म्हणून तो लिहिलेला असतो. जॅझवाले तो बहुतेक वेळा गाळून थेट मुखड्यावर येतात. आत्याला मोबाइलवर एक ऐकवला तर ती लगेच म्हणाली, “ही साकीच झाली की.” साकी म्हणजे आपल्या संगीत नाटकातली छोटी, बोलल्यासारखी गायची रचना. तंतोतंत ती नव्हे, पण काम तेच. मी ठरवलं, जिथे व्हर्स आहे तिथे गायची. ‘नाईट अँड डे’ची कोल पोर्टरने लिहिलेली व्हर्स जवळजवळ एकाच स्वरावर चालते, घड्याळाची टिकटिक आणि पाऊस थांबल्यानंतरची टिपटिप. आत्याच्या वाड्यात जुलैत पागोळ्या ठिबकत असतात. तिथे बसूनच ती पाठ केली.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येते. षड्ज.

आमच्या गाण्यात सा एकदा लावला की लावला. तंबोरा तो धरून ठेवतो आणि आपण कुठेही भटकून त्याच्याकडे परत येतो. पियानोवर साथ करणारे अंकल पुण्याच्या लष्कर भागात राहतात, मूळचे गोव्याचे, वय सत्तरीच्या पुढे. पहिल्या दिवशी मी सवयीने मोबाइलवर काळी चारचा, म्हणजे त्यांच्या ए फ्लॅटचा, तंबोरा लावून ठेवला. त्यांनी काही न बोलता हात लांब करून तो बंद केला. म्हणाले, “ए फ्लॅट फक्त दाराशी आहे, बेटा. आत गेल्यावर रोज नवा मालक.”

‘ऑल द थिंग्ज यू आर’ छत्तीस मात्रांचं नव्हे, छत्तीस ‘बार’चं गाणं आहे, म्हणजे छत्तीस गुणिले चार. एवढ्या अवकाशात ते पाच वेगवेगळ्या पट्ट्यांना भेट देऊन येतं. ‘बॉडी अँड सोल’ त्याहून लबाड. मधला भाग सरळ अर्ध्या स्वराने वर सरकतो. सुरेल गाणाऱ्यालाच तिथे जास्त धोका, कारण कानात जुना सा पक्का बसलेला असतो. मी तिथे नेमाने बेसूर व्हायचे. बेसूर म्हणजे किंचित कमी, तंबोऱ्याच्या बाजूला ओढलेली. अंकल वाजवायचे थांबायचे नाहीत, फक्त भुवया वर करायचे.

उपाय त्यांनीच सांगितला: गाणं गाऊच नको. तीन आठवडे मी प्रत्येक गाण्याचे फक्त बासचे स्वर गायले, म्हणजे ज्या क्षणी जो सा चालू आहे तेवढाच. भाजी चिरताना, स्कूटर चालवताना, गुरुवारी पाणी बंद म्हणून आदल्या रात्री बादल्या भरताना. घरच्यांनी हे शांतपणे सोसलं. शेवटी मी मूर्च्छनेसारखं लिहून काढलं: या ओळीचा प हा पुढच्या ओळीचा सा. तेव्हा कुठे पायाखाली जमीन आली. माझं मत विचाराल तर हिंदुस्थानी शिकून जॅझकडे वळणाऱ्याने ताना, स्कॅट (म्हणजे शब्दांऐवजी अर्थहीन अक्षरांवर गाणं) वगैरेच्या आधी हे करावं. मी उलटं केलं आणि दहा वर्षं नुसत्या हरकती घेऊन वेळ मारून नेली.

लयीचंही तसंच. आपली टाळी समेवर. यांचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. चारपैकी नेमक्या आपण ज्याला भाव देत नाही त्या मात्रांवर यांचा सगळा डौल. मेट्रोनोम निम्म्या गतीला लावायचा आणि त्याचा टोला एकावर न मोजता दोन आणि चारवर मोजायचा, असा रियाज असतो. हनुमान टेकडीवर पहाटे चालताना कानात तो लावून मी बोटं वाजवायचे. ओळखीच्या एक काकू एकदा थांबून म्हणाल्या, “बरी आहेस ना गं?”

मला वाटायचं, विलंबित एकताल गायलेल्या बाईला संथ गाणी सोपी जातील. मिनिटाला साठ मात्रा म्हणजे आमच्याकडे संथसुद्धा नाही. पण विलंबितात शब्द थोडे आणि वाट मोठी असते. इथे दर मात्रेला एक शब्द उभा असतो आणि त्याला गोष्ट सांगायची असते. जॅझ गायिका बिली हॉलिडे शब्द लयीच्या मागे ठेवते, मलाही तसं करावंसं वाटायचं. ड्रमवाला मुलगा शिलाँगचा, पुण्यात शिकायला आला आणि इथेच राहिला. तो एकदा म्हणाला, “दीदी, आप पीछे नहीं हो, आप लेट हो.” दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. बरोबर होतं त्याचं.

अंकलना मी एकदा विचारलं, तुम्ही हे कुठे शिकलात. त्यांनी खांदे उडवले. घरात वाजायचं, म्हणाले. मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारी गोव्याची मंडळी दिवसा सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात असायची. ‘अलबेला’मध्ये पडद्यावर चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, आपला वाद्यवृंद घेऊन दिसतो; तो सी. रामचंद्रांचा सहायक होता. हे आत्याला सांगितल्यावर तिने मान हलवली. पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनीच, हे सगळं १९५१ सालीच उरकून ठेवलं होतं, तू उगाच कोलोनला गेलीस, असा त्याचा अर्थ.

परवान्यांचा भाग कंटाळवाणा आहे, पण कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. जुनं गाणं म्हणजे फुकट गाणं, हा माझा भ्रम होता. भारतात गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. पूर्वी ५० होती. टागोरांची मुदत १९९१ अखेर संपायला आली तेव्हा वाढवली. अमेरिकेत या काळातल्या गाण्यांना प्रकाशनापासून ९५ वर्षं. त्यामुळे माझ्या वहीत काही दिवस नुसत्या मृत्यूच्या तारखा होत्या. पोर्टर १९६४. कर्न १९४५, पण त्याचा गीतकार हॅमरस्टाइन १९६०. संगीतकार गर्श्विन बिचारा १९३७ मध्येच गेला, पण त्याचा गीतकार भाऊ आयरा १९८३ पर्यंत होता. ‘ब्ल्यू स्काइज’ अमेरिकेत आता खुलं झालं आहे. बर्लिन स्वतः १०१ वर्षं जगला. नवरा वही चाळून म्हणाला, “हे काय, श्राद्धाची यादी?”

आपल्या कायद्यात दुसऱ्याने गायलेल्या आवृत्तीसाठी एक कलम आहे, ३१ सी. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं उलटलेली असली पाहिजेत, वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन भरायचं, आणि तांत्रिक गरजेपलीकडे रचनेत बदल करायचा नाही. मी तीनशे सीडी काढणार होते. आणि बदल करायचा नसेल तर जॅझ कशाला गायचं? ओळखीच्या वकीलबाई हसल्या आणि म्हणाल्या, हा रस्ता तुझ्यासाठी नाही. जिथे हक्क शिल्लक होते तिथे हक्कधारकांकडून रीतसर परवानगी काढली. त्यात अडीच महिने गेले, आणि एक आवडतं गाणं परवडेना म्हणून गळलं. त्याचं नाव सांगत नाही, अजून राग आहे.

ध्वनिमुद्रण जुलैच्या शेवटी ठरलं. आधी दुसऱ्या एका ठिकाणी ठरलं होतं. तिथे “पियानो ट्यून करून ठेवतो” असं तोंडभरून सांगितलं होतं आणि आम्ही पोचलो तेव्हा मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबली की खालीच राहत होती. पावसाळ्यात पियानोचं लाकूड ओल धरून फुगतं, तारा ताणल्या जातात आणि स्वर चढतो; हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. आगाऊ रकमेतली निम्मी परत मिळाली. मग कर्वे रस्त्याच्या मागच्या एका बंगल्यातल्या स्टुडिओत गेलो. तिथे ट्यूनर रोज सकाळी आठला यायचा, काही न बोलता तासभर काम करायचा आणि चहाही न घेता निघून जायचा. पुण्यात असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

डबल बास, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं माणसाएवढं उंच वाद्य, मुंबईहून आला. एर्टिगाच्या मागच्या सीट पाडून, मान पुढच्या दोन सीटच्या मधे, वाजवणारा मुलगा त्याला मिठी मारून बसलेला. बंगल्याशेजारच्या सोसायटीचा वॉचमन चौकशीला आला. “मॅडम, कपाट असेल तर आमच्या लिफ्टमधून नाही हं जाणार.”

आम्ही चौघांनी एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवायचं ठरवलं होतं. वेगवेगळ्या काचेमागे बसून, तुकडे जोडून करता येतं, हल्ली तसंच करतात. पण एकमेकांचे चेहरे दिसल्याशिवाय हे संगीत चालत नाही, असं अंकलचं म्हणणं, आणि ते पियानोवर बसल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. याची किंमत अशी की माझा आवाज ड्रमच्या मायक्रोफोनमध्येही उतरतो. नंतर एखादा स्वर हळूच वर उचलू म्हटलं तर उचलता येत नाही. त्याचं भूत ड्रमच्या ट्रॅकवर तसंच राहतं. म्हणजे गाणं अख्खं चांगलं व्हायला हवं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी चार गाणी झाली, मी खूष. रात्री कच्चं ध्वनिमुद्रण मोबाइलवर आत्याला ऐकवलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, “आवाज तुझा आहे. तोंड कुणाचं आहे?”

तोंड अमेरिकन सिनेमातल्या कुणा बाईचं होतं. मला स्वतःला कळलं नव्हतं. हेडफोन लावले, समोर महागडा मायक्रोफोन आला, की जीभ आपोआप वळायला लागली, ‘र’ गोल व्हायला लागले. मराठी माणसाच्या ‘व’ची पंचाईत जुनीच आहे, इंग्रजीत दोन आहेत आणि आपल्याकडे एक, ती झाकायच्या भरात मी बाकीचं सगळं तोंडही बदलून टाकलं होतं. चारही गाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. स्टुडिओवाल्या दादांना कारण सांगितलं तर ते म्हणाले, “ताई, पैसे तुमचेच आहेत.”

दुसऱ्या दिवशी एक छोटा चमत्कार झाला. इंग्रजी ‘प’ शब्दाच्या सुरुवातीला आला की त्यामागे हवेचा झोत असतो, तो मायक्रोफोनवर भप्पकन आदळतो. म्हणून पुढे जाळी लावतात. मी माझ्या तोंडाने गायला लागल्यावर दादांनी मान वर केली. “आज पॉप येत नाहीये.” आपला ‘प’ अल्पप्राण, त्यात झोतच नाही. बाराखडी कामी आली.

खरी अडचण संध्याकाळची होती. बंगला नदीपासून फार लांब नाही आणि जुलैअखेर म्हणजे गणपतीची पथकं नदीपात्रात सरावाला उतरलेली. सहा वाजले की ढोल. आवाज म्हणून तो भिंतीतून येत नव्हता, आम्हाला तर ऐकूही येत नव्हता. पण डबल बासच्या मायक्रोफोनमध्ये एक हलकी धडधड उतरायची, ‘बॉडी अँड सोल’सारख्या गाण्यात नेमकी दोन ओळींमधल्या शांततेत. खालचे आवाज गाळणी लावून कापावेत तर बासही जातो, दोघांचं घर एकाच मजल्यावर. बासवाला मुलगा पहिल्यांदा म्हणाला, माझं हृदय असेल. मग सकाळी नऊ ते साडेपाच असं वेळापत्रक ठरलं आणि संथ गाणी सकाळी. त्याचा फायदाच झाला. सकाळी माझा आवाज जड असतो, मंद्रातले स्वर आपोआप बसतात. एका गाण्याच्या शेवटच्या चार मात्रांत मात्र ढोल राहून गेला आहे. सांगितल्याशिवाय कळणार नाही. आता सांगितलं.

‘ऑटम लीव्ह्ज’चं मला जमत नव्हतं. चाल जोसेफ कोस्माची, फ्रेंच शब्द झाक प्रेव्हेरचे, १९४६ च्या सिनेमातलं, म्हणजे आत्याच्या प्रश्नातून सुटलेलं. पण शरदात पानं गळतात हे मला कोलोनमध्ये सात महिनेच खरं होतं. आपल्याकडे शरदात सगळं हिरवंगार असतं आणि पानगळ माघ-फाल्गुनात, धुळीची, कोरडी, दुपारच्या उन्हातली. गाताना मी लॉ कॉलेज रस्त्यावरची फेब्रुवारीतली दुपार डोळ्यांपुढे आणली. गाणं थोडं जलद आणि रुक्ष झालं. अंकलना आवडलं नाही. मी तेच ठेवलं.

आणि ‘समरटाइम’. हे अल्बममध्ये दोनदा आहे, आणि त्याचं श्रेय पूर्णपणे आत्याच्या प्रश्नाला. १९३५ चा गर्श्विनचा ऑपेरा, ‘पोर्गी अँड बेस’. सुरुवातीला क्लारा नावाची तरुण आई बाळाला झोपवताना हे म्हणते: सुगीचे दिवस आहेत, बाप सधन आहे, आई देखणी आहे, रडू नकोस. पुढे वादळ येतं. बाप जातो, त्याला शोधायला गेलेली आईही जाते. शेवटच्या अंकात तेच बाळ बेसच्या मांडीवर आहे, आणि ती त्याला हीच अंगाई म्हणते. तेच शब्द. आई-बाप दोघंही जवळ आहेत, तुला काही होणार नाही.

हे आत्याला सांगितलं तेव्हा ती पेटी पुसत होती. हात थांबला. “दोन्ही वेळा एकाच बाईने म्हणू नये,” एवढंच म्हणाली.

मग अल्बमच्या सुरुवातीला ते चौघांनी मिळून, झुलतं, वरच्या पट्टीत. शेवटी फक्त बास आणि मी, तीन स्वर खाली. अंकल पियानोचं झाकण मिटून खुर्चीवर बसून राहिले. हे दुसरं पहिल्याच खेपेला झालं आणि आम्ही पुन्हा केलं नाही. त्यात एका जागी माझा श्वास अपुरा पडलेला ऐकू येतो. दादांनी विचारलं, कापू? म्हटलं, राहू दे.

पुढचं भराभर सांगते. मिक्सिंगला नऊ दिवस. मास्टरिंगवाल्याने आवाज मोठा करू का विचारलं, मी नको म्हटलं; ऐकण्याची मोठी ॲप्स नाहीतरी सगळ्यांना जवळपास एकाच पातळीवर आणून ठेवतात, मग उगाच दाबून कशाला घ्यायचं. प्रत्येक गाण्याला बारा अक्षरांचा एक कोड लागतो, मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेलचं लागतं, संगीतकाराचं नाव एका अक्षराने चुकलं तर अर्ज परत येतो. कोस्माच्या नावापायी माझा दोनदा आला. एकूण खर्च पावणेपाच लाख. गाडी घ्यायची होती, ती पुढे गेली. सीडी छापू नको असं सगळ्यांनी बजावलं होतं. दिवाणाखाली अजून दोनशे दहा आहेत, कुणाला हव्या असतील तर.

प्रकाशनाची मैफल एरंडवण्यातल्या एका छोट्या सभागृहात झाली. सहाची वेळ दिली होती, पावणेसहाला सभागृह भरलेलं आणि सहाला पाच कमी असताना पहिल्या दोन रांगा घड्याळाकडे बघायला लागलेल्या. पहिल्या गाण्यानंतर एका आजोबांनी हात वर करून विचारलं, “आधार कुठल्या रागाचा आहे?” अंकलनी माइक ओढून घेतला आणि म्हणाले, “सर, पाच आहेत. तिकिटाचे पैसे वसूल.” सभागृह हसलं, आजोबांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

जलद गाणं सुरू झालं की लोक टाळ्यांनी साथ धरायचे, अर्थातच एकावर आणि तीनवर. ड्रमवाला मुलगा दोन-चारवर जोर देऊन त्यांना वळवायचा प्रयत्न करत होता आणि पुणं वळत नव्हतं. आत्या मधल्या वाटेशेजारच्या खुर्चीत होती. ती केरवा धरून बसली होती: एकावर टाळी, पुढच्या चौकड्याच्या पहिल्या मात्रेला हात उलटा करून हवेत. पूर्ण कार्यक्रमभर, एकदाही न चुकता.

मध्यंतरात ड्रमवाल्या मुलाने मला गाठलं. “दीदी, वो आंटी बीच में हाथ ऐसे क्यों करती हैं? कुछ गलत हो रहा है?”

“गलत नहीं. खाली दिखा रही है. वहाँ ताल को खाली छोड़ते हैं.”

तो थोडा वेळ काठी दुसऱ्या तळहातावर हलकेच आपटत उभा राहिला. मग चहा प्यायला गेला.

मध्यंतरानंतर ‘ब्ल्यू स्काइज’ आलं. दुसऱ्या आवर्तनापासून मला मागे काहीतरी वेगळं जाणवलं, आणि क्षणभर वाटलं की मीच चुकले. दर दुसऱ्या बारच्या एकाला ड्रम येतच नव्हता. पाय नाही, ब्रश नाही, काहीच नाही. तेवढ्या जागेवरून बासचा एकटा स्वर निघून जायचा. मधल्या वाटेशेजारी आत्याचा हात हवेत होता, आणि ती मान वर करून ड्रमकडे बघत होती.